परग्रहावरचे भावोजी

माझे भावोजी एवारिस्तो बोलताना तोतरे, आणि धंदा न्हाव्याचा. म्हणजे जिथे हातापेक्षा तोंड जास्त चालवावं लागतं असा. नोरिनाताईने पसंत केलं ते याच माणसाला. "आमच्या घरात एकाने तरी गप्प बसायला हवं होतं," असं ती वर सांगते.

त्या वर्षी रोमहून सिनेमावाले आमच्या कोमाक्किओ गावात आले. परग्रहावरचे पाहुणे आमच्या खाजणात उतरतात आणि वाम मासे पकडणाऱ्यांच्या झोपड्यांत आसरा मागतात, अशी गोष्ट. दिग्दर्शक दाढी करायला बसला तो आरशात भावोजींचं लांबुडकं तोंड बघतच राहिला. उठताना म्हणाला, "माझा पाहुणा मिळाला. सोमवारी या."

भावोजी घरी आले ते डोकं धरूनच. "त्यात ब-बोलायचंय! सगळं गाव ब-बघणार!"

"मग नाही म्हणायचं ना!" ताई कडाडली.

"न-नाही म्हणेपर्यंत तो ग-गेला."

सोमवारी दिग्दर्शकाने सांगितलं, "संवाद पाठ करू नका. नुसते आकडे म्हणा. आवाज नंतर रोममध्ये दुसऱ्याचा भरू." आमच्याकडे सिनेमे असेच करायचे. भावोजी इतके हलके झाले की जेवताना भाजलेली वाम दोनदा मागून घेतली. कॅमेऱ्यापुढे मात्र 'तीन'वर अडकायचे ते अडकलेच. ऊन उतरत होतं, म्हणून दिग्दर्शकाने तसंच चालवून घेतलं.

पुढे एकदा मासेवाला ग्वेर्रिनो दाढीला आला. तोंडाला फेस, तरी जीभ गप्प बसेना. "पण काय रे, आवाज भरणाऱ्याला तुझ्या ओठांबरोबरच बोलावं लागणार ना? म्हणजे तू अडकलास तिथे तोही अडकणार! आता सगळी इटली हसणार बघ!"

भावोजींचा वस्तरा हवेतच राहिला. मला तर तो फेस ग्वेर्रिनोच्या नाकात कोंबावासा वाटला. सिनेमा येईपर्यंत भावोजींना अन्न गोड लागलं नाही.

अखेर एका रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात सिनेमा लागला. पडद्यावर खाजणाच्या चिखलात भावोजी उभे, आणि त्यांच्या तोंडून कुणाचा तरी भारदस्त आवाज आला: "आम्हाला इथे रा... रा... राहू द्याल?"

मी डोळे मिटून घेतले. पण हसलं कुणीच नाही. इतक्या लांबून आलेला माणूस परक्या भाषेत आसरा मागतोय, तो अडखळणारच, असंच सगळ्यांना वाटलं असणार. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या चक्क रडत होत्या. भावोजींनी ताईचा हात आवळून धरला होता, तो सोडला. माझ्या तर डोक्यावरचं ओझंच उतरलं.

बाहेर ग्वेर्रिनोने त्यांना गाठलं. त्याचेही डोळे लाल. "एवारिस्तो, खरं सांग, तिथे, त्या ग्रहावर, सगळे असंच बोलतात का रे?"

"ह... ह..." भावोजी अडकले. ग्वेर्रिनो टोपी हातात धरून थांबला. आम्ही सगळेच भर उन्हात थांबलो.

"हो," भावोजी म्हणाले. "त-तिथे ऐकणाऱ्याला घ-घाई नसते."