कानानं जेवणारे शेजारी

आमचे शेजारी भाकरी आधी कानानं खातात. सोलापुरातल्या कुठल्याही खानावळीत बसले, की कडक भाकरी कानाशी नेऊन मोडतात आणि डोळे मिटून निकाल देतात. वाढप्याचा चेहरा पडतो, मी पाण्याचा पेला तोंडाला लावतो. सात रस्त्याजवळची खानावळ तर त्यांनी कायमची बाद केली. "नीट वाळवतच न्हाईत. भाकरी बोलत न्हाय की!"

परवा त्यांना आम्ही जेवायला बोलावलं. बायकोला कडक भाकरी जमत नाही. ते जिथं पाऊलही ठेवत नाहीत, त्याच खानावळीतून तिनं गुपचूप भाकरी आणवल्या आणि "घरच्याच आहेत" म्हणून वाढल्या.

त्यांनी भाकरी कानाशी नेली, मोडली, डोळे मिटले. मी पंख्याकडे बघत राहिलो.

"वहिनी, लई झ्याक!" म्हणत त्यांनी शेंगाचटणी आणि दह्याबरोबर ताट चाटूनपुसून साफ केलं. बायको माझ्याकडे बघून गालात हसली.

निघताना चपला घालता घालता त्यांनी मला जवळ ओढलं.

"त्या सात रस्त्यावाल्याला सांगा, अजून भाकरी नीट वाळवत न्हाय. वहिनींना मात्र बोलू नका."