अथेन्सची खापरं आणि भोरच्या बायका

हसू नका असं सांगून उपयोग नाही, तुम्ही हसणारच. तेव्हा कपबशी आधी खाली ठेवा, म्हणजे निदान चहा अंगावर सांडणार नाही. मी भोरमध्ये लोकशाही कशी आणली आणि त्याच दुपारी तिनं मलाच गावाबाहेर कसं काढलं, त्याची ही हकीकत.

बी.ए. होऊन मी पुण्याहून मामांकडे राहायला आले होते. डोक्यात अथेन्स, रोम आणि माणसाचे हक्क गच्च भरलेले! मामा, म्हणजे गावाचे अण्णासाहेब, स्त्रीशिक्षण समितीचे अध्यक्ष. नदीकाठच्या धर्मशाळेत मी बायकांचा वर्ग घ्यायची. मामीसुद्धा यायची. लिहायला-वाचायला शिकवलं, तोवर मामांना चाललं. पण राज्य कुणाचं आणि का, हे शिकवायला लागले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"लीले, बायकांना शिवण शिकव. राज्य चालवायला संस्थानात माणसं आहेत."

"त्यांना निवडलं कुणी, मामा?"

"जेव," मामा म्हणाले. त्यांच्याकडे वादाचा शेवट नेहमी असाच व्हायचा.

शेवटी ठरलं की समिती येऊन वर्ग बघणार. पसंत पडला तर माझा वर्ग कायम. नाही पडला तर शिवण.

आता मला सांगा, शहाण्या मुलीनं अशा वेळी काय केलं असतं? कविता म्हणून घेतल्या असत्या, पाढे म्हणून घेतले असते. मी कुंभारआळीतून पाटीभर फुटकी खापरं आणली!

त्याचं असं आहे, अथेन्सच्या लोकांची एक रीत होती. एखादा माणूस फार डोईजड झाला की लोक खापरावर त्याचं नाव लिहायचे. ज्याच्या नावाची खापरं जास्त, तो शहराबाहेर. ना मारामारी, ना रक्तपात. केवढी देखणी कल्पना! आणि भोरमध्ये डोईजड कोण, हे मी सांगायला हवं होतं का? समितीच्या मधल्या खुर्चीत तो तपकीर ओढत बसला होता.

मी खापरं वाटली, कोळशाचे तुकडे वाटले आणि अथेन्सची रीत समजावून सांगितली.

"बाई," सखूबाईनं विचारलं. ही किकवीची लेक, भोरात दिलेली. "भाईर म्हंजी कुठं धाडायचं? वेल्ह्याला?"

"वेल्ह्याला नगं," तांबोळ्यांची अमीनाबी म्हणाली. "तितं कचेरी हाय, बाजार हाय. मानूस रमंल. हिर्डोशीला धाडा."

"कुठंही धाडा!" मी म्हणाले. "तुम्हाला न विचारता तुमचं सगळं जो ठरवतो, त्याचं नाव लिहा."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कोळसा हातात, खापर मांडीवर.

"नाव लिवायलाच पायजे व्हय?"

"लिहायलाच पाहिजे!"

"'आमचं हे' लिवलं तर?"

"चालणार नाही."

"पोराचा बा?"

"नाही! मालक नाही, कारभारी नाही, अण्णासाहेब नाही. आईबापांनी ठेवलेलं नाव!"

"मंग उखान्यात घिऊ का?"

"सखूबाई, अथेन्समध्ये उखाणे नव्हते!"

समितीतले एक गृहस्थ खुसकन हसले. झालं! माझा पारा चढला. "नाव घ्यायला भ्यायचं काय त्यात? मी पहिल्या दिवसापासून सांगत नाही का, मला बाई म्हणू नका, सरळ लीला म्हणा?"

"व्हय, सांगता खरं," सखूबाई म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, पडला उजेड!

खापरं गोळा झाली. मी पाटीत हात घातला. पहिलं खापर कोरं. दुसरं कोरं. तिसरंही कोरं. बायका खाली माना घालून बसलेल्या. फक्त मामी मामांकडे टक लावून बघत होती. एरवी ती त्यांच्याकडे असं कधी बघायची नाही. मामांची तपकीर चिमटीतच राहिली. त्यांनी उपरण्यानं मानेवरचा घाम पुसला. मी म्हटलं, उकडत असेल.

समितीसमोर अशी फजिती! मी ती कोरी खापरं उचलली आणि अंगणात भिरकावली.

"कोरं खापर बाद!"

"बाद?" मामा पुढे वाकले. "नक्की?"

"नियम म्हणजे नियम!"

"अगदी बरोबर!" मामा गरजले. "नियम म्हणजे नियम!"

आयुष्यात पहिल्यांदा मामांना माझं म्हणणं पटलं होतं. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं, नाही का?

पाटीच्या तळाशी काय ती चारच लिहिलेली खापरं उरली. मी खणखणीत आवाजात वाचली. लीला. लीला. लिला. लीला.

"पण हे... हे अन्यायाचं आहे!" मी ओरडले.

"बाई," सखूबाईनं मनापासून विचारलं, "त्या अथेन्सातली मानसंबी आसंच वरडायची का वं?"

निकाल मामांनीच दिला. पुढच्या अमावास्येपर्यंत हिर्डोशी. तिथं माझी मावशी राहायची. तोवर मामी शिवण शिकवणार.

दुसऱ्या दिवशी मामी माझी शिदोरी बांधत होती.

"माझं नाव का लिहिलं गं त्यांनी?" मी विचारलं.

"तूच म्हणालीस, नाव पाहिजेच. घरी कुणी रागावणार नाही असं दुसरं कुणाचं नाव होतं?"

"आणि ती कोरी खापरं?"

मामीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बी.ए. नव्हते, बिगरीत होते. "अगं, ज्याचं नाव घ्यायचं नसतं, त्याचं खापर कोरंच राहणार ना? वर्गातल्या बायकांना कळलं. समितीला कळलं. ह्यांना तर पहिल्याच खापराला कळलं, घाम नाही का बघितलास?"

"मग तुझं खापर?"

"ते?" मामीनं गाठ आवळली. "ते तू अंगणात फेकलंस."

हिर्डोशीला मी नाचणीची भाकरी खात आणि डोंगराकडे बघत दिवस काढले. एक दिवस निरोप आला की समितीनं माझा वर्ग एकमतानं कायम केला! मी उड्या मारतच भोरला परतले.

"मामा, पटली ना शेवटी लोकशाही?"

"पटली तर!" मामांनी शांतपणे तपकिरीची डबी उघडली. "खुशाल शिकव, लीले. तू शिकवत्येस तोवर आम्हाला कसलीच भीती नाही."