राजाबाईंचा चहा आणि सातची मिस्सा

मोरिवलीत राजाबाई त्रिभुवन यांना ओळखत नाही असा कॅथलिक माणूस शोधूनही सापडायचा नाही. बाई मूळच्या नगरकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा लवकर गेला, आणि मग एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरता भरता तीस वर्षं कशी सरली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्यातली जवळजवळ सगळी तिसऱ्या पाळीत, म्हणजे रात्रभर. ही पाळी सकाळी सातला सुटते, आणि पालेगावच्या चर्चमध्ये रविवारची मराठी मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, हीही सातलाच सुरू होते. कंपनीची बस चर्चच्या फाटकाशी येईतो सव्वासात होऊन गेलेले असतात. तेव्हा धावतपळत आत शिरायचं आणि मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं, हा राजाबाईंचा तीस वर्षांचा शिरस्ता.

रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी बाईंनी तो सोडला नव्हता. आता त्या वेळेवर येत, पण आत जात नसत. फाटकात उभ्या राहून बसची वाट पाहत आणि युनिफॉर्ममधल्या मैत्रिणी उतरल्या की त्यांच्याबरोबर आत जात. "त्यांना बाहेर ठेवून मी एकटीनं पुढं बसून काय देवाशी गप्पा मारू?" असं विचारून त्या समोरच्यालाच गप्प करत.

त्यांची दुसरी ख्याती चहाची. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साडेदहाला चर्चच्या हॉलमध्ये पॅरिश कौन्सिलची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या लोकांच्या प्रतिनिधींची, मीटिंग भरते. हॉलला लागून छोटं स्वयंपाकघर आहे आणि मधल्या भिंतीला खिडकी. त्या खिडकीमागे उभं राहून अकरा वर्षं राजाबाईंनी कौन्सिलला चहा पाजला आणि कौन्सिल ऐकली.

ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं. पॅरिशमधल्या वस्त्यांचे बारा समूह, प्रत्येक समूहाचा एक निवडून दिलेला माणूस. महिला मंडळ, तरुणांचा गट यांचे एकेक. दोन-तीन जण फादर स्वतः नेमतात. मुदत तीन वर्षांची. अध्यक्ष फादरच, उपाध्यक्ष मात्र लोकांतला. सुरुवातीला प्रार्थना, मग मागच्या मीटिंगच्या मिनिट्सचं वाचन, मग अजेंडा. प्रत्येकानं बोलायचं, फादरनी सगळ्यांच्या शेवटी. आणि खरी गोम अशी की कौन्सिलनं द्यायचा तो फक्त सल्ला, निर्णय फादरचा. पण सल्ला देतानाही माणसं अशी काही हमरीतुमरीवर येत की विचारू नका. आवाज चढले की राजाबाई आल्याचा तुकडा उचलत. चहाचा ट्रे आत गेला की भांडणारी तोंडं फुंकर मारण्यात गुंतत, आणि ताटकळलेला विषय पुढे सरके. हे कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नव्हतं, पण कौन्सिल चालायची ती अशी.

यंदाच्या जूनमध्ये मोरिवलीच्या समूहानं चिठ्ठ्या टाकल्या आणि बहुतेक चिठ्ठ्यांवर राजाबाईंचं नाव निघालं.

"अगं, मला काय येतं तिथं बोलायला?" बाई घाबरल्याच.

"मावशी, अकरा वर्षं खिडकीतून ऐकताय," भावना म्हणाली. ही त्यांच्याच कंपनीतली, एकोणीस वर्षं तिसऱ्या पाळीला. "आता आत बसा नि बोला. आणि एकच काम करा. आपली सातची मिस्सा जाऊ देऊ नका."

कारण तशी कुणकुण लागलीच होती. पालेगावात टॉवरवर टॉवर उभे राहिले, ठाण्या-मुंबईकडून माणसं राहायला आली, आणि आठच्या इंग्लिश मिस्साला चर्चबाहेर मंडप घालायची वेळ आली. उपाध्यक्ष लेस्टर परेरा हिशेबी माणूस, बँकेतून निवृत्त झालेला. त्यांनी तीन रविवार सातच्या मिस्साला दारात माणूस उभा करून डोकी मोजून घेतली. सरासरी भरली एक्केचाळीस. मग प्रस्ताव असा आला की सातलाही इंग्लिश मिस्सा ठेवावी आणि मराठी महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी दुपारी चारला. फादर एल्टन नवे, बांद्र्याकडचे. त्यांना आकडे दिसले, माणसं अजून दिसायची होती. सेक्रेटरी सोनिया पंडितनं आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर अजेंडा टाकला. विषय क्रमांक चार: सातची मिस्सा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी राजाबाई ठेवणीतली साडी नेसून हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या. काय बोलायचं ते त्यांनी भिंतीपुढे चारदा म्हणून पाहिलं होतं. पण तिसरा विषय निघाला तो चर्चच्या सणाच्या मिरवणुकीचा. बँड लावायचा की डीजे? तरुणांचा प्रतिनिधी प्रज्वल उठून उभा राहिला, परेरासाहेब त्याच्याहून मोठ्यानं बोलू लागले, कुणीतरी टेबलावर हात आपटला. आणि राजाबाईंचे पाय आपोआप उठले. बाई स्वयंपाकघरात गेल्या, पातेलं चढवलं आणि आलं किसायला घेतलं. आपण आता कौन्सिलच्या मेंबर आहोत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. अकरा वर्षांची सवय हो, ती एका मतपत्रिकेनं थोडीच सुटते!

त्या दिवशी भांडण मात्र चहाची वाट न पाहता मिटलं. बँड ठरला. फादरनी घड्याळ पाहिलं आणि चौथा विषय घेतला. परेरासाहेबांनी आकडे वाचले. "एनी ऑब्जेक्शन? कुणाची हरकत?" मोरिवलीची खुर्ची रिकामी होती आणि बाकीच्यांच्या दारात रात्रपाळीची बस थांबत नव्हती. राजाबाई ट्रे घेऊन आत आल्या तेव्हा सोनिया खाली मान घालून लिहीत होती: सर्वानुमते.

"चार नंबर कधी आहे ग?" बाईंनी कप ठेवता ठेवता हळूच विचारलं.

सोनियानं वर पाहिलं. "मावशी... झाला."

बाईंनी उरलेल्या सगळ्यांना चहा दिला, कप गोळा केले, धुतले, पालथे घातले आणि रिक्षा न करता चालत घरी गेल्या. घरी जाऊन मात्र पदर तोंडाला लावून रडल्या. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. तीस वर्षं त्या भिंतीला टेकून ज्या मिस्सानं त्यांना आठवडाभराचं बळ दिलं, ती मिस्सा त्यांनी चहापायी घालवली होती. दुपारी चारला रात्रपाळीवाली बाई कुठून येणार? तेव्हा ती झोपून उठते, चार डबे करते आणि पुन्हा बस धरते.

भावनाला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "जाऊ द्या मावशी, चहा तरी चांगला झाला होता ना?" आणि राजाबाईंना ते जास्तच लागलं.

संध्याकाळी सोनिया वही घेऊन दारात हजर. "मावशी, रडणं पुरे. मिनिट्स अजून कच्च्या आहेत. पुढच्या मीटिंगला मी त्या वाचणार, तेव्हा कुणी चूक काढली नाही तरच पक्क्या होतात. आणि तोपर्यंत फादर फायनल करणार नाहीत, मी विचारलंय त्यांना. पण नुसतं 'आमची मिस्सा' म्हणून भागायचं नाही हां. परेरा अंकल आकडाच मागणार."

राजाबाई रात्रभर... छे, बाई गाढ झोपल्या. पण सकाळी उठल्या त्या ठरवूनच. उल्हासनगर कॅम्प दोनला एक सिंधी दुकानदार होता, लग्नाकार्याला भांडी भाड्यानं द्यायचा. त्याच्याकडे त्यांनी चहाचे दीडशे काचेचे ग्लास मागितले, चार रविवारांसाठी.

"क्या बाई, शादी है घर में? पेपर कप लेके जाओ ना, धोने का झंझट नहीं."

"कागदाचे नको, साईं. ते लोकं कुठंबी फेकतात. मला परत येणारे पायजेत."

पुढचे चार रविवार, फादरची परवानगी घेऊन, सातची मिस्सा सुटली की राजाबाई हॉलच्या पायरीवर चहा घेऊन उभ्या राहिल्या. माणशी एक ग्लास, कितीही लाडीगोडी लावली तरी दुसरा नाही. भावनाला झोप अनावर होत असे, तरी ती जांभया देत ग्लास विसळी आणि राजाबाई दहा-दहाचे गट करून पालथे घालीत. आठची मंडळी आत गेली की दोघी मोजत आणि आकडा सोनियाच्या वहीत जाई.

ऑक्टोबरची मीटिंग आली. प्रार्थना झाली, सोनियानं मिनिट्स वाचायला घेतल्या. ती 'सर्वानुमते'पर्यंत पोचली आणि मुद्दाम थांबली.

राजाबाईंनी हात वर केला. "फादर, हे चुकीचं लिवलंय. सर्वानुमते नव्हतं. माझं मत त्यात नाही."

"पण तुम्ही प्रेझेंट होता, राजाबाई," परेरासाहेब म्हणाले. "रजिस्टरमध्ये सही आहे तुमची."

"होते ना. पण ओट्यापाशी. तुमच्यासाठी आलं किसत होते. चहा तुम्हीबी प्यायलात, परेरासाहेब, दोन कप."

हॉलभर हशा पिकला. फादर एल्टनही हसले, मग म्हणाले, "ठीक आहे. आता बोला. तुमचा सल्ला काय?"

भिंतीपुढे पाठ केलेलं सगळं बाई विसरल्या. त्या तशाच बोलल्या.

"फादर, परेरासाहेबांनी माणसं मोजली ती दारात, मिस्सा सुरू होताना. एक्केचाळीस. खोटं नाही ते. पण कार्याला किती माणूस आला, हे दारात उभं राहून कळत नाही. ते भांडी घासणारीला कळतं. मी चार रविवार ग्लास धुतलेत. एकशे अठरा, एकशे सव्वीस, एकशे नऊ, एकशे एकतीस. तुमचा मोजणारा सात वाजून पाच मिनिटांनी आत जाऊन बसतो. आमची बस सव्वासातला येते, पाठोपाठ बाकीच्या कंपन्यांच्याबी."

परेरासाहेब सहजासहजी हार मानणारे नव्हते. "फुकटचा चहा ठेवल्यावर लोक येणारच!"

"चहा मिस्सानंतर होता, साहेब. रात्रभर उभं राहून आलेली बाई एका ग्लासासाठी अर्धा-पाऊण तास भिंतीला टेकत नाही. तिला घरी चहा मिळतो. मराठीतलं देवाचं बोलणं घरी मिळत नाही."

राजाबाई खाली बसल्या. मग फादरनी एकेकाला विचारलं. प्रज्वल म्हणाला, मावशी बरोबर आहेत. महिला मंडळानं मान डोलावली. दोघा-तिघांनी टॉवरवाल्यांची अडचण सांगितली, आणि तीही खरीच होती. शेवटी फादर म्हणाले, "तुमचा सगळ्यांचा सल्ला मी ऐकला. आता मला थोडा वेळ द्या." झालं. इतकं सगळं होऊनही निर्णय त्यांचाच, आणि तो त्यांनी तिथे सांगितला नाही.

पुढच्या रविवारी राजाबाई नेहमीप्रमाणे फाटकात उभ्या होत्या. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. पाहतात तो साध्या शर्टात फादर एल्टन. सातची मिस्सा नेहमी त्यांच्या सहायकाकडेच असे. सव्वासातला बस आली. निळ्या युनिफॉर्ममधली माणसं उतरली, एकेक करून आत गेली, भिंतीला टेकली. फादरही त्यांच्यामागून गेले आणि भावनाच्या शेजारी, भिंतीला टेकून, शेवटपर्यंत उभे राहिले.

नोव्हेंबरच्या मीटिंगमध्ये निर्णय आला. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून इंग्लिश मिस्सा सव्वासहाला आणि नऊला. मराठी मिस्सा दर रविवारी, पण सातला नाही. साडेसातला. "बस येऊन गेल्यावर," फादर म्हणाले. "झोप माझी जाईल, सल्ला तुमचा होता." आणि आणखी एक गोष्ट त्यांनी मिनिट्समध्ये लिहायला लावली: यापुढे कौन्सिलचा चहा मेंबरांनी पाळीपाळीनं करायचा, पहिली पाळी उपाध्यक्षांची. परेरासाहेबांनी लगेच त्याच दिवशी केलेला चहा भलताच गोड झाला होता. राजाबाईंनी तो खुर्चीत बसून, थेंब न टाकता प्यायला.

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला. सव्वासातला बस आली. भावना उतरली आणि सवयीनं मागच्या भिंतीकडे वळली. राजाबाईंनी तिचा दंड धरला आणि सरळ पुढच्या बाकापर्यंत नेलं. मागून बाकीच्या आल्या. पुढचे तीन बाक निळे झाले. साडेसातला घंटा वाजली, सगळे उठून उभे राहिले आणि प्रवेशगीत सुरू झालं.

आणि घोटाळा झाला. शेवटची गाणी डोळे मिटून म्हणणाऱ्या या बायकांना प्रवेशगीताची पहिली ओळही येत नव्हती. येणार कुठून? ते सुरू होताना त्या कधी आत नसतच. भावना ओठ हलवत राजाबाईंकडे बघू लागली, आणि राजाबाईंना तरी कुठे येत होतं!

बाईंनी चष्मा चढवला, गीतांचं पुस्तक उघडून दोघींच्या मध्ये धरलं आणि शब्दाखाली बोट ठेवत म्हणायला लागल्या. डोळ्यांतल्या पाण्यानं दुसरी ओळ त्यांना नीट दिसेना. तेव्हा ती भावनानं वाचली.