तिचं काम चाललंय

बालवाडीच्या बाईंइतका माझा वेळ दुसऱ्या कोणी खाल्ला नाही. साडेअकराला मी माझ्या सुमनला न्यायला जाई, तेव्हा ती पायरीवर बसून झग्याची बटणे लावत असे. बटणे तीनच, पण पहिले दुसऱ्याच्या काजात गेले की सगळी सोडून पुन्हा सुरुवात. मी वाकलो की आतून आवाज येई, "थांबा गुरुजी. तिचं काम चाललंय." पाठीवरची बटणे पुढे घ्यायलाही बाईंनीच सांगितले होते. "मागं तिचा हात पोचत नाही," म्हणे. मी प्राथमिक शाळेचा हेडमास्तर, साठ पोरे माझ्या एका नजरेने गप्प होत. आणि इथे छत्री धरून एका बटणासाठी उभा.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे ती. अलिबागच्या दक्षिणेला, खाडीकाठच्या आमच्या गावात पंचायतीच्या खोलीत बाई बालवाडी चालवत. पाटी नाही, छडी नाही. पोरे शिंपल्या लहानमोठ्या लावत, मापट्याने तांदूळ ओतत, सांडले की स्वतःच भरत. एक कोळीण माझ्याकडे तक्रार घेऊन आली, "गुरुजी, पोराला शिंपल्या येचायलाच धाडायचा, त बाई कशाला पायजे? शिंपल्या आमचे दारान हायत." मी ते बाईंच्या कानावर घातले. त्या म्हणाल्या, "दारात आहेत म्हणूनच आणल्या." अशा माणसाशी काय बोलायचे?

जूनमध्ये त्यांची पोरे माझ्या पहिलीत आली. इतर पोरे पंधरा-पंधरा दिवस दाराची चौकट धरून रडत. ही आली, पिशव्या खुंटीला अडकवून बसली. दिवाळीच्या आत त्यांना बेरीज येऊ लागली. मी ते पाहिले आणि कोणाला बोललो नाही. गाव श्रेय मला देत होते.

मग शाळा तपासायला दिपोटी साहेब येणार असे कळले. आदल्या संध्याकाळी बाई घरी आल्या. "साहेब तुमचं मत विचारतील. माझ्याबद्दल काही लिहू नका. पहिलीत आलेली मुलं कशी आहेत, तेवढं लिहा. तेवढ्यावर बालवाडी टिकेल."

"लिहितो. पण तुम्ही उद्या मुलांना उभं करून एक प्रार्थना म्हणवून घ्या."

"ज्याला म्हणावीशी वाटेल तो म्हणेल."

मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी साहेब आत शिरले तेव्हा त्याच कोळणीचा पांडू कळशीतून पेल्यांत पाणी ओतत होता. साहेबांनी नाव विचारले. पांडूने मान वर केली नाही. "थांब. माजा काम चाललाय." सांडलेले पाणी सुमन पुसत होती. तिने साहेबांच्या बुटाला फडक्याने ढोसले, "पाय उचला." साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मला तोंड कुठे लपवू असे झाले. बाई मात्र कौतुकाने बघत होत्या.

शाळेत परतल्यावर साहेबांनी मत मागितले. मी लिहिले, 'मुलांना शिस्त नाही व त्यांची शिकण्याची तयारी होत नाही.' पहिला अर्धा भाग रागाचा होता. दुसरा खोटा होता, आणि लिहिताना मला ते ठाऊक होते. त्या कागदावर खोली काढून घेतली, तिथे खताची पोती आली. वरून हुकूम आला, असे मी गावाला सांगितले. आजवर तेच सांगत आलो.

बाई गेल्या त्या दिवशी धक्क्यावर आम्ही तिघेच होतो. ओहोटी लागली म्हणून लाँचवाला ओरडत होता. तेवढ्यात सुमनच्या सँडलचा पट्टा सुटला. मी वाकलो. "थांबा गुरुजी," बाई म्हणाल्या. लाँचवाल्याला त्यांनी हात केला आणि पट्टा लागेपर्यंत त्या ट्रंक घेऊन उभ्या राहिल्या. माझ्या मताबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना पुढे कोणी पाहिले नाही.

आता माझी बोटे कापतात. डॉक्टरांकडे जायला रिक्षा दारात आलेली असते आणि शर्टाचे बटण काजात जात नाही. "लाव ना गं," मी वैतागतो. साठी ओलांडलेली सुमन दारात उभी. "होऊ दे, बाबा. रिक्षा थांबेल."

तेव्हा लिहायचे राहिलेले आज लिहितो. बाईंची मुले पहिलीत रडली नाहीत. ती तयार होऊन आली होती. खाली सही करायची आहे. सहीला वेळ लागेल.