मुखरूभाऊंच्या पोरीचा नंबर

एसटी स्टँडवर किस्से आपोआप साचतात. गाडी लेट असली की माणूस बोलतो, आणि आमच्या ब्रह्मपुरीत गाडी लेट असतेच! मी इथली कंट्रोलर. खिडकीत बसून गाड्यांची नोंद घेते, माइकवर ओरडते, त्यामुळे सगळ्यांचं सगळं माझ्या कानावर येतं. पण त्या पावसाळ्यात अख्ख्या डेपोला एकच विषय होता. आमचे कंडक्टर मुखरूभाऊ, त्यांची पोरगी प्रणाली आणि तिची एमबीबीएसची सीट.

पोरगी नीटला दुसऱ्यांदा बसलेली. मार्क असे, की ना धड आत ना धड बाहेर. पहिल्या यादीत नाव नाही, दुसऱ्या यादीत नाही. तिनं घरी सांगून टाकलं होतं, "बाबा, यंदा नंबर नाई लागला तर मी तिसऱ्यांदा बसणार नाई." तेव्हापासून मुखरूभाऊंचं जेवणात लक्ष नव्हतं.

*

परीक्षा झाली, मार्क आले, मग आता वाट कशाची पाहायची, हेच भाऊंना उमजेना. प्रणालीनं माझ्या खिडकीशी उभं राहून त्यांना समजावलं. ज्यांना सीट मिळाली, त्यांतल्या काहींना पुढच्या यादीत आणखी चांगलं कॉलेज मिळतं. मग ते जुनी सीट सोडतात आणि ती खालच्याला मिळते.

भाऊ एकदम खुलले. "म्हणजे आरमोरीवाले उतरले का उभ्या पॅसेंजरले जागा! असं सांग ना मंग!"

त्या दिवसापासून डेपोत कोणी 'ॲडमिशन' हा शब्दच काढेना.

"काय भाऊ, बसली का पोरगी?"

"उभीच आहे अजून. पण दांडा सोडला नाई!"

*

प्रणाली बापाचा डबा घेऊन स्टँडवर यायची, तेव्हा तिचा दवाखानाच भरायचा. कोणाची कंबर, कोणाचं पित्त. एकदा वर्कशॉपमधले पांडूभाऊ जीभ बाहेर काढून तिच्यासमोर उभे!

ती लाजून म्हणाली, "काका, मी डॉक्टर नाई ना अजून."

"म्हणूनच दाखवून राह्यलो! एकदा डॉक्टर झाली का आमाले लाइनीत उभं ठेवशीन!"

*

मध्येच एका एजंटचा फोन आला. परदेशात सीट पक्की करून देतो म्हणाला. ना यादी, ना वाट पाहणं, फक्त हो म्हणा! भाऊंनी मोबाइल स्पीकरवर टाकला. आम्ही सगळे भोवती. एजंट त्या देशाचं कौतुक करतोय, बर्फ काय, होस्टेल काय, जेवण काय.

भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, तिथी एसटी जाते का?"

"अहो, विमानानं जावं लागतं!"

"मंग नोको. पोरीले ताप आला तर मी कशानं जाऊ?"

फोन ठेवला. हसलो आम्ही खूप.

*

भाऊंचा हट्ट होता, पोरीसाठी नवस करायचा नाही. "देवानं पेपर देला का? पोरीनं देला!" असं म्हणायचे. श्रावणातल्या सोमवारी मार्कंड्याच्या महादेवाला जादा गाडी सोडली, तिच्यावर हेच कंडक्टर आणि त्यांचे जोडीदार ड्रायव्हर रहीमभाई. गाडी परत आली, पाहते तर काय, रहीमभाईंच्या हातात खोबऱ्याचा प्रसाद!

"हे काय रहीमभाई?"

"प्रणालीच्या नावानं नारळ वाहून आलो बाई."

"तुम्ही?"

"मंग काय करू? हा मशीन घेऊन तिकिटंच काढून राह्यला होता!"

भाऊंनी प्रसाद खाल्ला, वर घरच्यांसाठी बांधूनही घेतला.

*

तिसरी यादीही कोरडी गेली. त्या दिवशी भाऊंनी सगळ्यांना बजावलं, पोरीला आज कोणी काही विचारायचं नाही. आमच्या लोकांनी इतकं मनावर घेतलं, की ती डबा घेऊन आली तर सारं स्टँड चिडीचूप! कँटीनच्या वच्छलाबाईंनी चहा आणला आणि न बोलता तिच्यासमोर ठेवला. पांडूभाऊ तर तिला पाहून गाडीखालीच शिरले.

पोरगी थोडा वेळ बसली, आणि मग तडकलीच. "काऊन जी, कोणी मेलं का इथी?"

खरं तर आम्हाला तेव्हा तसंच वाटत होतं. आता फक्त उरल्यासुरल्या सीटांची शेवटची यादी राहिली होती.

*

ती यादी एका दुपारी लागली. प्रणाली धावत आली. "बाई, लागला नंबर! उद्या सकाळीच निघायचं आहे!" कॉलेज पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला. मी तिला मिठी मारली, रडलेसुद्धा. पण बाप कुठं? एटापल्लीच्या गाडीवर! मुक्कामाची ड्यूटी, तिकडच्या जंगलात रेंज नाही आणि परत यायचे दुसऱ्या दिवशी दुपारी.

"बाबाले न भेटता मी कशी जाऊ बाई?"

मी वाटेतल्या आलापल्लीच्या स्टँडवर फोन लावला. भाऊंची गाडी तिथून नुकतीच सुटलेली. तिथल्या कंट्रोलरनं बदलीचा कंडक्टर एका काळी-पिवळी जीपमध्ये बसवला आणि गाडीच्या मागं पिटाळला. आता काळी-पिवळी म्हणजे आमचा हाडवैरी! पुढं जाते आणि आमचेच पॅसेंजर उचलते. जीप हॉर्नवर हॉर्न देतेय आणि रहीमभाई साइड देत नाहीत. मुखरूभाऊ मागून ओरडताहेत, "देऊ नोको साइड! सारे पॅसेंजर घेऊन जाईन तो!"

शेवटी एका वळणावर जीपवाल्यानं चाकं रस्त्याखाली घालून जीप पुढं काढली आणि आडवीच लावली. भाऊ बाह्या सरसावत खाली उतरले.

"काऊन रे, रस्ता तुह्या बापाचा आहे का?"

"भाऊ, पोरीचा नंबर लागला तुमच्या! उद्या निघून राह्यली ती. बसा जीपमधी, परत नेतो तुमाले."

भाऊ भर रस्त्यात मटकन खाली बसले, तोंडाला टोपी लावली आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. सारी एसटी खिडक्यांतून पाहतेय, जीपवाला डोकं खाजवतोय.

तेवढ्यात केबिनमधून रहीमभाई ओरडले, "अरे भाऊ, वाघाचं जंगल आहे! वर ये, आत बसून रड!"