क्रूझवरची खोली

मालवणच्या जेटीवर किल्ल्याच्या होडीची वाट बघत मी आणि बायको फोनवर क्रूझच्या खोल्या बघून भांडत होतो. तिला बाल्कनी हवी, मला स्वस्तातली. शेजारच्या पांढऱ्या मिशीवाल्या गृहस्थांनी सरळ मध्येच मान घातली.

"बाल्कनीत इतको वारो, बसूक जमाचा नाय! मधल्या मजल्यार, मधोमध घेवा. बोट हलली तरी पोट हलाचा नाय!"

मग ते थांबेचनात. कुठल्या बोटीवर पाव ताजा, कुठे मासळीला नुसती बर्फाची चव, कुठला वेटर दुसऱ्याच दिवशी नावाने हाक मारतो! बोलता बोलता खांद्यावरच्या टॉवेलला चार पीळ देऊन त्यांनी बायकोच्या हातात चक्क हंस ठेवला. आम्ही हरखलोच.

"काका, केवढं फिरलात! तुम्ही कुठली खोली घ्यायचात?" तिने विचारलं.

"मी?" ते खळखळून हसले. "मी खोल्यो साफ करणारो, गो बाय. वीस वर्सां. माझी खोली पाण्याखाली, खिडकी नाय. भायर दिस काय रात, ता घड्याळाक इचारायचा."

होडी लागली. चढण्याआधी त्यांनी, पाहुण्याच्या दारावर वाजवावं तसं, होडीच्या फळीवर दोनदा टकटक केलं. मग स्वतःच्याच सवयीला हसून ते थेट पुढच्या टोकावर जाऊन बसले. पहिली लाट तोंडावर फुटली तसे ओरडले, "बघ गो बाय, बाल्कनी!"

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांचा सल्ला मोडून बाल्कनीची खोली घेतली.