सूनबाईने वाचलेली आयर्लंडची गोष्ट

बायांनो, आज माझी चोरी पकडली गेली.

मला इंग्रजी येत नाही, म्हणून सूनबाई मला आयर्लंडमधल्या छोट्या गावांच्या गोष्टी मराठीत सांगते. आज नाश्ता झाल्यावर पुस्तक घेऊन बसली. लेकही शेजारीच होता.

"या गावात एक विधवा आहे. फिरायला जाते असं सांगून रोज एका गृहस्थाबरोबर कॉफी पिते. सगळ्या गावाला माहितीये, फक्त मुलाला नाही."

ही तर माझीच गोष्ट! इथे परदेशात, पासिर रिसला, मीसुद्धा फिरायच्या नावाखाली हॉकर सेंटरातल्या खाण्याच्या स्टॉलवर बसते, शेजारच्या ब्लॉकमधल्या पाटलांसोबत.

लेक म्हणाला, "मुलाला सांगायला काय झालं होतं तिला?"

"रागावला असता तर?" मी म्हणाले.

"कोण?"

"तू." माझ्या तोंडून निघूनच गेलं.

मग त्याने बायकोच्या हातातलं पुस्तक घेतलं, पान वाचलं.

"आई, यात विधवा नाहीच. गावातला पब बंद पडतोय, एवढंच आहे."

सूनबाई पंख्याकडे बघत बसलेली.

लेकाने पुस्तक मिटलं. "रविवारी जेवायला बोलव त्यांना. बघू दे मला."

आता तुम्हीच सांगा, या सुनेला साडी घेऊ, की दोन दिवस अबोला धरू?